टँकर आणि पूर

मिलिंदा,

तुझ्या पुण्यानुमोदनाला माझ्याशिवाय सहा जण बोलले. त्यातल्या चौघांनी तू वेळेवर ऑफिसला यायचास एवढंच सांगितलं. एकानं तू कधी कुणाचा चहा फुकट प्यायला नाहीस असं सांगितलं, तेव्हा मला हसू आवरेना, कारण माझे हजारभर चहा तुझ्या पोटात आहेत. शेवटी बोलायला उठलेले तुझे जुने साहेब म्हणाले की मिलिंद म्हणजे शांत माणूस, आयुष्यात कुणाशी वाद घातला नाही. मी खुर्चीत चुळबुळत बसलो होतो. माझ्याशी तू जवळजवळ चाळीस वर्षं वाद घातलास, तोही एकाच गोष्टीवर. ती गोष्ट सांगितली असती तर मंडपातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली असती.

मलाही बोलायला लावलं होतं. माईक हातात घेतला, "मिलिंद माझा दोस्त होता" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं गहिवर आला. आला होताच, पण खरं कारण वेगळं होतं. मला जे बोलायचं होतं ते तुझ्याशीच होतं, आणि ते कबुलीचं होतं. शेवटचं दीड वर्ष मी तुझ्याशी खोटं वागलो. आपल्या वादाचा निकाल मला कळला होता आणि मी तो तुझ्यापासून लपवून ठेवला. तू गेल्यावर त्यानं मला अन्न गोड लागू दिलं नाही.

आधीपासून सांगतो. तुला सगळं माहीत आहे, पण मला सांगायला बरं वाटतंय.

जिल्हा नवा झाला होता. लातूरला पाटी लागली, पण पाटीमागे ऑफिसं कुठं होती. जिथं जागा मिळेल तिथं टेबलं टाकली होती. तुमचं भूमापनाचं ऑफिस भुईमुगाच्या जुन्या गोदामात होतं आणि कागदाला पेंडीचा वास यायचा. मी नांदेडहून बदलून आलेला कारकून, गोदावरी सोडून या कोरड्या गावात टाकलं म्हणून तोंड पाडून फिरणारा. तू अनुरेखक. नव्या जिल्ह्याचे नवे नकाशे लागत होते आणि जुन्या नकाशांवर पारदर्शक कापड अंथरून एकेक रस्ता, एकेक नाला शाईनं उतरवून घ्यायचं काम तुझं होतं. मी फाईल घेऊन आलो तेव्हा तू मान वर न करता विचारलंस, "नांदेडचा हाईस ना? मग इस्माईलभाईचं दुकान ठाऊक असंल."

इस्माईलभाईंचं कॅसेट भरून देण्याचं दुकान नांदेडात आमच्या पिढीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. तू आयटीआय नांदेडला केलंस हे मला तेव्हा कळलं. इस्माईलभाई स्वतः कव्वालीचे भक्त, पण रेल्वेत नोकरी करणारा त्यांचा एक मित्र हैदराबादहून परदेशी रेकॉर्डी आणून त्यांच्याकडे ठेवायचा. त्यातल्या बिनशब्दांच्या, नुसत्या गिटारी आणि ड्रम वाजणाऱ्या चिजा तू निवडून निवडून एका कॅसेटवर भरून घेतल्या होत्यास. इस्माईलभाईंना ते अजिबात पटलं नव्हतं. त्यांची नक्कल तू काय हुबेहूब करायचास. "बिना बोल का कायकू भरते मियाँ? गानेवाला भाग गया क्या?" पण काम चोख. "साठ का कॅसेट है तो साठ मिनट भरके देता मैं. एक इंच खाली नै छोडता." डबीतल्या कार्डावर मात्र त्यांनी काही लिहिलं नव्हतं. ज्याला बोलच नाहीत त्याला नाव कसलं, हा त्यांचा सवाल होता.

म्हणून नावं तू ठेवलीस. नकाशाच्या बारीक निबेनं, काळ्या शाईनं, कार्डावर ओळीत अशी अक्षरं काढलीस की छापलेली वाटावीत. घाट. म्हैस. पत्र्यावरचा पाऊस. सासू. म्हैस ऐकल्यावर मला वेगळं सांगावं लागलं नाही, पहिल्या ठोक्यालाच ती डोळ्यांपुढून चालत गेली. ए साईडचं शेवटचं होतं टँकर. बी साईडच्या पहिल्या ओळीवर तू नाव लिहिलं नव्हतंस, तिथं प्रश्नचिन्ह होतं.

टेपरेकॉर्डर तुझा, खोली माझी, सेल दोघांचे. तुला लातुरात खोली मिळायला तीन महिने लागले, मला तीन दिवस. असं का, ते आपल्या दोघांनाही माहीत होतं आणि आपण त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. मला आता वाटतं, मी तरी बोलायला हवं होतं. तू रेणापूरजवळच्या तुझ्या गावाहून एसटीनं ये-जा करायचास, आणि रविवारी पिशवीत सदऱ्यात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर घेऊन खास त्यासाठी यायचास. दुपारी चार वाजता सुरू. वाजत असताना बोलायचं नाही हा तुझा नियम. सेल वाचावेत म्हणून कॅसेट मागं घ्यायची ती पेन्सिल घालून, हातानं. ए साईड संपली की खटका उडायचा आणि पलटायला दरवेळी तूच उठायचास. मी भिंतीला टेकून बसलेला असायचो तो तसाच. तू माझ्याकडे पाठ करून कॅसेट काढायचास, फुंकर मारायचास, पलटून घालायचास. त्यात तू जास्तच वेळ लावतोस असं मला वाटायचं.

बी साईडचं पहिलं सुरू झालं तेव्हा पहिल्याच रविवारी मी ताडकन सरळ बसलो. काही चाहूल नाही, सुरुवात नाही, एकदम सगळी वाद्यं अंगावर. श्रावणात गोदावरीला पाणी चढतं आणि घाटाच्या पायऱ्या बघता बघता दिसेनाशा होतात, तसंच. वाजून संपलं आणि मी म्हणालो, "हे पूर आहे. ह्याच्यापुढं बाकीचे सगळे पाणी भरतील." तू प्रश्नचिन्ह खरवडून तिथं पूर असं लिहिलंस. मग म्हणालास, "चांगलं हाय. पर टँकरच्या नखाची सर न्हाई." तिथं आपलं भांडण सुरू झालं.

सुरुवातीला आणखी काही जण यायचे. आमच्या ऑफिसातला देशमाने आणि त्याचा पुण्यात शिकणारा भाऊ. त्या भावाला इंग्रजी गाण्यांचे शब्द तोंडपाठ होते आणि आपल्याला एक ओळ धड कळायची नाही, हे तो आपल्याला विसरू द्यायचा नाही. एकदा तो म्हणाला की तुम्हाला शब्द समजत नाहीत म्हणून तुम्ही बिनशब्दांचं ऐकता. मला राग आला होता. तू मात्र सेल पुसत शांतपणे म्हणालास, "हाव, म्हणूनच. हितं तू अन् मी सारखेच." मग आपण बोर्डाच्या परीक्षेसारखे शंभरपैकी मार्क द्यायचं ठरवलं. त्यानं आणलेल्या एका कॅसेटवर गिटारवाला इतक्या जोरात वाजवायचा की सूर मोजता येऊ नयेत. त्याला देशमान्याच्या भावानं अठ्ठ्याण्णव दिले. तू दिलेस पस्तीस, काठावर पास. "बोटं लई पळतेत," तू म्हणालास, "पर जालालेत कुठं?" तो पुन्हा आला नाही. आपण दोघंच उरलो.

तुझं म्हणणं असं. टँकर हळूहळू येतं. आधी नुसती घरघर, मग गिटार एकेक सूर चढत चढावर येते, आता पोचणार, आता पोचणार, आणि खटकन तुटतं. "तोडायला छाती लागती," तू म्हणायचास. "दुसरा असता तर पोचवला असता. ह्यानं न्हाई पोचवला." माझं म्हणणं, हा काय शेवट झाला? माणसाला आशा लावून मधेच सोडायचं? त्यापेक्षा पूर बघ, नमनाला घडाभर तेल नाही, दार लोटून थेट आत. तू म्हणायचास, "नांदेडवाल्याला सगळीकडं पाणीच दिसणार." मी म्हणायचो, "अन् तुम्हा लातूरवाल्यांना टँकर." तू माझ्या "ऐकून राहिलो, बोलून राहिलो" वर हसायचास, मी तुझ्या "जालालो, करलालो" वर. पण मार्क कुणी कमी करायला तयार नव्हतं. तू टँकरला नव्वद आणि पुराला एकोणनव्वद, मी उलट.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. विहिरींनी तळ दाखवला होता आणि आमच्या ऑफिसात सकाळपासून टँकरच्याच फायली फिरायच्या. एका शनिवारी तू मला गावाला घेऊन गेलास. तुझी माय दारात घागरी ओळीनं मांडून बसली होती. लांबून घरघर ऐकू आली तशी ती उठली. तिच्याबरोबर आख्खी वस्ती उठली. आवाज चढावर आला, जवळ आला, आणि गावातल्या मोठ्या विहिरीपाशी थांबला. तिथून पुढे, ओढ्यापलीकडच्या तुमच्या वस्तीकडे, तो आलाच नाही. माय थोडा वेळ उभी राहिली आणि परत बसली. मला म्हणाली, "बस बाबा, च्या करते. तेवढं पाणी हाय." मी तो चहा प्यायलो. तिला नको म्हणायला पाहिजे होतं की प्यायला पाहिजे होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, टँकर वाजलं, तुटलं, आणि मी पहिल्यांदाच म्हणालो नाही की हा काय शेवट झाला. तू पलटायला उठलास आणि पाठमोराच म्हणालास, "हा काय शेवट म्हून बोल की, गप का?" म्हणजे मी दया दाखवलेली तुला नको होती. तुला भांडण हवं होतं. मी लगेच भांडलो. त्या दिवशी मी पुराला एक्क्याण्णव केले.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवसांतली आठवते. तेव्हा ती मी नुसती बघितली, तिचा अर्थ मला आत्ता लागलाय. तुझ्या टेबलावर नकाशाची एक शीट होती. एक रस्ता कागदाच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता आणि टोकाला तू छोटासा बाण काढला होतास, एकाच बाजूला पीस असलेला. बाकीचे दोन्ही बाजूंना पीस काढायचे. तुझ्या त्या अर्ध्या बाणावरून साहेब तुला ओरडायचेही. मी विचारलं, "हा रस्ता इथंच संपला का?"

"शीट संपली," तू म्हणालास. "रस्ता कशाला संपंल? फुडच्या शीटवर हाय की." आणि दुसरी शीट ओढून शेजारी लावून दाखवलीस. कड कडेला जुळली, आणि तिकडूनही एक अर्धा बाण आत येत होता. नव्या जिल्ह्याच्या सगळ्या शीटांच्या कडा जुळवणं हे तुझं सहा महिन्यांचं काम होतं. डोळे दुखायचे तुझे.

मग माझी बदली परत नांदेडला झाली. जाताना तू मला त्या कॅसेटची नक्कल करून दिलीस, दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, त्यात एका ठिकाणी कुत्रं भुंकलेलंही आहे. आधी एसटीडी बूथवरून, मग घरच्या फोनवरून, मग मोबाईलवरून, रविवारी चारचा फोन कधी चुकला नाही. माझं लग्न, तुझं लग्न, तुझी लेक प्रज्ञा, माझी अश्विनी, तुझ्या मायचं जाणं. पाच मिनिटं घरचं बोलून झालं की तू विचारायचास, "मग? निकाल काय?" मधल्या काळात जगभरचं संगीत खिशातल्या फोनात आलं. तू प्रज्ञाकडून नवनवं ऐकायचास, मीही ऐकायचो. कितीतरी चिजांवर भांडलो, पण शेवटी गाडी आपली टँकर आणि पुरावर. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात तू फोन करून म्हणालास, "माधव्या, पाणी आलं बघ. पर आमच्या नळाला न्हाई. टँकरला ब्याण्णव कर."

आता ती दीड वर्षापूर्वीची दुपार. अश्विनी हैदराबादहून आली होती. मी कॅसेट लावून बसलो होतो, पूर वाजत होतं. तिनं फोन टेपजवळ धरला आणि म्हणाली, "बाबा, सापडलं. ह्याचं नाव आहे." मला नाव नको होतं. तरी तिनं लावलं. फोनवर दिसत होतं की ते अकरा मिनिटांचं आहे. मी म्हणालो, "हे नव्हे. माझं साडेपाच मिनिटांचं आहे." ती म्हणाली, ऐका तरी. आणि सुरुवातीपासून वाजायला लागलं.

घरघर आली. गिटार एकेक सूर चढायला लागली. मिलिंदा, ते टँकर होतं. चढावर आलं, पोचणार, पोचणार, आणि जिथं आपल्या कॅसेटवर खटका उडतो तिथं ते तुटलं नाही. सगळी वाद्यं आपणहून थांबली. एकच तार राहिली, रिकाम्या हंड्यावर कुणी बोटानं हळू टिचकी मारावी तशी. मी घड्याळ लावून नंतर मोजलं, पंधरा सेकंद. आणि मग पूर आला.

दोन्ही एकच होतं. इस्माईलभाईंनी एक इंच फुकट जाऊ नये म्हणून शेवटपर्यंत भरलं, खटका उडाल्यावर कॅसेट पलटली, रेकॉर्ड फिरतच होती, उरलेलं दुसऱ्या बाजूला भरलं. शब्द असते तर वाक्य अर्धवट राहिलं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शब्द नव्हते, म्हणून आपण एकाच चिजेचे दोन तुकडे घेऊन भांडत बसलो. तू जिथं छाती लागती म्हणायचास तिथं नुसती फीत संपली होती. मी ज्या दार लोटून येण्यावर मार्क दिले, ते दार इस्माईलभाईंच्या हातानं उघडलं होतं.

मी इतका हसलो की अश्विनी घाबरली. त्याच रविवारी तुला सांगायचं ठरवलं. चारला फोन लावला. तू पहिल्या रिंगला उचललास आणि म्हणालास, "आज तुला हरिवतोच बघ, आठवडाभर इच्चार करलालो." आणि तू नवा मुद्दा मांडलास, तुटण्याबद्दलच. इतक्या हौसेनं बोलत होतास. मी ऐकत राहिलो. सांगितलं तर तुझी ती छाती लागती, तुझ्या मायचं दारात उभं राहणं, सगळं एका दुकानदाराच्या काटकसरीवर येऊन थांबणार होतं. आणि खरं सांगू का, मला स्वतःचीही भीती वाटली. वाद मिटला तर रविवारी चार वाजता आपण काय बोलणार होतो? दोन म्हातारे, शुगर किती आणि बीपी किती. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. असे सत्तर-ऐंशी रविवार गेले. दर वेळी तू "निकाल काय" विचारायचास आणि मी खोटं बोलायचो.

मग तुझं दुखणं निघालं. मी लातूरला आलो, तू दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर होतास, हाताला सुई. सुजाता वहिनी मला बघून म्हणाल्या, "बसा भाऊजी, सकाळपास्नं तुमचंच नाव घेलालेत." तू डोळे उघडलेस. माझ्या खिशात फोन होता आणि कानात घालायच्या वायरीही. मी ठरवून आलो होतो की आज पूर्ण ऐकवायचं. राहून गेलं तर कायमचं राहील एवढं कळत होतं.

"टँकर लाव," तूच म्हणालास.

एक वायर तुझ्या कानात, एक माझ्या. घरघर सुरू झाली. तू डोळे मिटलेस आणि तुझं बोट चादरीवर चालायला लागलं. चढाव आला. माझा अंगठा फोनच्या काचेवर होता. नुसता उचलला असता तर ती पंधरा सेकंदं तुझ्या कानात पडली असती, आणि त्यामागून पूरही. पण तुझा चेहरा त्या तुटण्याची वाट बघत होता असं मला वाटलं. मी जिथं कॅसेट संपते तिथं, अगदी त्याच क्षणाला, अंगठा दाबला. शांत झालं.

तू म्हणालास, "बरोबर जागी थांबिवलास, माधव्या."

मला वाटलं, तू टँकरचं कौतुक करतोयस. मी वायरी गुंडाळल्या. दुसऱ्या आठवड्यात तू गेलास, आणि तेव्हापासून मी माझ्या अंगठ्याला शिव्या घालत होतो. माणूस मरायला टेकलाय आणि मी त्याला अर्धंच ऐकवलं. मी त्याला फसवलं, तेही त्याच्या कानात वायर घालून. मंडपात माझ्या तोंडून पुढचा शब्द फुटला नाही तो यामुळे.

पुण्यानुमोदनाच्या त्या दिवशी मी निघताना वहिनींनी माझ्या हातात एक डबी दिली. "ही तुमच्याकडंच असू द्या. आमच्यात कुणाला कळत न्हाई." आपली कॅसेट. मी एसटीत बसल्यावर उघडली. कार्ड पिवळं पडलंय, पण शाई आहे तशी काळी. घाट, म्हैस, पत्र्यावरचा पाऊस, सासू. ए साईडचं शेवटचं, टँकर. आणि त्या नावापुढे, कार्डाच्या कडेला, एक छोटा बाण बाहेर जाणारा. एकाच बाजूला पीस असलेला. मी कार्ड उलटलं. बी साईडची पहिली ओळ, खरवडलेल्या जागेवर पूर, आणि त्याच्याआधी तसाच अर्धा बाण आत येणारा.

अहमदपूर येईपर्यंत मी ते कार्ड पालथं-उलथं करत होतो. शेजारचे गृहस्थ म्हणाले, काही हरवलंय का. मी नाही म्हणालो.

म्हणजे तुला माहीत होतं. रिटायर झाल्यावर हात थरथरतो म्हणून तू ते नकाशाचं पेन पुन्हा धरलं नव्हतंस, आणि हे बाण तर केसासारखे बारीक आणि सरळ आहेत. म्हणजे अश्विनीनं फोनवर शोधायच्या कितीतरी आधी. तुला कुणी सांगायची गरज नव्हती, कडा जुळवणं हाच तुझा धंदा होता. ए साईडच्या शेवटच्या सुराला बी साईडचा पहिला सूर लावून बघितला असशील आणि रस्ता पुढं चालू आहे हे ओळखलं असशील. आणि तरी तू माझ्याशी भांडलास. छाती लागती म्हणालास. टँकरला ब्याण्णव कर म्हणालास. मी दीड वर्ष लपवलं म्हणून रडतोय, आणि तू किती वर्षं लपवलंस रे? "बरोबर जागी थांबिवलास" हे तू मला म्हणालास, टँकरला नव्हे. फोनात ते तुटत नाही हे तुला माहीत होतं, म्हणजे मलाही माहीत आहे हे तुला त्या क्षणी कळलं. आणि तू मला मोकळं करून गेलास. मलाच ते ऐकू आलं नाही.

आधी मला तुझा भयंकर राग आला. मग एसटीत तोंड खिडकीकडे करून रडलो. मग हसलो. माझ्या मनावरचं ओझं उतरलं, हे तुला सांगितलंच पाहिजे. पण ती मधली पंधरा सेकंदं तू कधी ऐकलीस की नाही, हे मला कळलेलं नाही. प्रज्ञाला विचारलं, तिला माहीत नाही. आणि बाण नेमके कधी काढलेस? तू म्हणशील पहिल्याच रविवारी, पलटताना पाठ करून उभा असायचास तेव्हाच ओळखलं होतं. मी म्हणतो शक्य नाही, पहिल्या रविवारी पुराच्या जागी तुझं प्रश्नचिन्ह होतं. तू म्हणशील, म्हणूनच तर प्रश्नचिन्ह होतं. बघ, हा मुद्दा तुझा.

काल रविवार होता. चार वाजता मी तुझी कॅसेट लावली, माझी नक्कल नव्हे, तुझी. वाजत असताना बोललो नाही. टँकर चढावर आलं, आता पोचणार वाटलं, आणि खटका उडाला.

मी भिंतीला टेकून बसलो होतो तो तसाच बसून राहिलो. पलटायला नेहमी तूच उठायचास. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, मग मी उठलो, कॅसेट काढली, फुंकर मारली, आणि पलटून घातली.